ऑक्टोबर सत्तावन्नचे दोन साक्षीदार

नोव्हाय, मिशिगन
१९ जून २००७

ती. स्व. जगन्नाथमामांना,
भाचेसून शुभाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होते. पण मागच्या खेपेला मी अरुणची बढती सांगितली आणि तुम्ही अर्धा तास माझं सांत्वन केलंत. तेव्हापासून तुमच्या कानांपेक्षा तुमच्या चष्म्यावर विसंबायचं ठरवलं आहे.

बातमी अशी, की ग्रीन कार्डाच्या ज्या रांगेत आम्ही सात वर्षं उभे आहोत, ती सरकारनं एकाएकी सैल सोडली. जुलै महिन्यात ज्याला अर्ज करायचा त्यानं करावा म्हणे. इथली आपली माणसं वेडीपिशी झाली आहेत. छातीचा फोटो आणि लसी यांसाठी डॉक्टरकडे जेवढी गर्दी आहे, तेवढी मंडळाच्या गणपतीलाही जमत नाही. आणि इथे तर प्रसाद म्हणून सुई मिळते.

आमची घाई जरा वेगळी आहे. अंकुरला ऑगस्टअखेर एकवीस पुरी होतात. त्याच्या आत अरुणचा अर्ज गेला तर मुलगा आमच्या अर्जात राहतो. नाही गेला, तर या देशाच्या लेखी तो आमचा कोणी नाही. तेराव्या वर्षी त्याला मित्रांपासून तोडून इथे आणलं, रडत रडत बर्फ उपसायला शिकवलं. आता त्यानं एकट्यानं नवी रांग धरायची, नाहीतर ज्या पुण्यात त्याला धड रिक्षासुद्धा थांबवता यायची नाही, तिथे परत जायचं.

कागद सगळे झाले, एक सोडून. अरुणचा जन्माचा दाखला नाही. चाळीसगावहून उत्तर आलं, की नोंद सापडत नाही. अशा वेळी जन्म ज्यांच्या समक्ष झाला, अशा दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं चालतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून अरुण तुमच्या घरी जन्मला. आणि त्या घरातले आता तुम्ही आणि लतिकामावशी असे दोघंच उरलात. तुम्ही सनीव्हेलला, त्या क्युपर्टिनोला, मध्ये पंधरा मिनिटांचा रस्ता. बोलणं नाही हे मला ठाऊक आहे. बोलायचं नाहीच आहे, फक्त सही करायची आहे.

मसुदा सोबत आहे. शाळेच्या दाखल्याप्रमाणे १ जून १९५७ ही तारीख घातली आहे. सही झाली की विवेकभावोजींकडून पोस्टात टाकवा.

आशीर्वादाचा हात आखडू नका, एवढंच मागणं.
आपली,
शुभा

*

सनीव्हेल
२५ जून २००७

चि. सौ. शुभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मसुदा वाचला. शुद्धलेखन ठीक आहे. मजकूर खोटा आहे.

१ जूनला भारतात कोणी जन्मत नाही. त्या दिवशी फक्त शाळामास्तर मुलं जन्माला घालतात. बापाला तारीख ठाऊक नसली की मास्तर एक जून ठोकतो; शाळा जूनमध्ये उघडते, वय बरोबर बसतं आणि मास्तराला जेवायला वेळेवर घरी जाता येतं. मी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, मला शाळेचं सांगू नये. अरुणची आई, म्हणजे आमची ताई, तो चार वर्षांचा असताना गेली. बाप रेल्वेत, आज भुसावळ उद्या इटारसी. त्या पोराला शाळेत कोणी नेऊन बसवलं, कोण जाणे. त्याचा वाढदिवस विचारणार कोणाला?

मला विचारायला हवा होता. अरुण जन्मला शनिवारी, ५ ऑक्टोबर १९५७ रोजी. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. मी वाचनालयात बसलो होतो आणि रेडिओनं सांगितलं, की रशियानं पृथ्वीभोवती एक नवा चंद्र फिरवला. मी धावत घरी आलो, तर ताईला कळा सुरू झालेल्या आणि सुईण दारात! मी तसाच गच्चीवर गेलो.

काय महिना होता तो, शुभा! मी एकवीस वर्षांचा, आणि सगळ्या जगाची जबाबदारी माझ्यावर. पंडितजी जपानात, हिरोशिमाच्या लोकांसमोर उभे. तुमच्या या अमेरिकेत लिटल रॉक गावी नऊ काळी मुलं बंदुकांच्या पहाऱ्यात शाळेत जात होती. सीरिया आणि तुर्कस्तान एकमेकांकडे दात विचकत होते. इंग्लंडात अणुभट्टीला आग लागली. निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करतो असं दाखवणाऱ्या दोन तरुण चिनी शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं; आमच्या आत्याबाई ते आधीपासून सांगत होत्या, पण त्यांना कोण देणार. कोजागिरीचं दूध पिताना आमची सगळी आळी चंद्र सोडून स्पुटनिक शोधत होती.

आपल्या घराण्यातले सगळे जन्ममृत्यू मी असे जगाच्या खुंटीला टांगून ठेवले आहेत, म्हणून तर ते टिकले. तेव्हा खोट्या तारखेखाली माझी सही होणार नाही.

आणि लतिकाच्या जोडीनं तर नाहीच. विवेकच्या लग्नात, नऊ वर्षांपूर्वी, मी व्याह्यांना सांगत होतो की आमचे बाबा ताश्कंद कराराच्या आठवड्यात गेले. ही जिलबी वाढता वाढता मोठ्यानं म्हणाली, की करार आधी झाला, मग संक्रांत झाली आणि बाबा तिळगूळ खाऊन मग गेले. सगळा मांडव हसला. व्याही अजून हसतात.

अंकुरला माझा विशेष आशीर्वाद. त्याचं काम अडू नये असं मलाही वाटतं. पण खरं ते खरं.

तुम्हां सर्वांचं कुशल चिंतणारा,
जगन्नाथमामा

*

नोव्हाय
३ जुलै २००७

ती. स्व. मामांना,
शुभाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन मी वकीलबाईकडे गेले. तिनं शांतपणे ऐकलं. ती म्हणाली, खरी तारीख खुशाल लिहा, शाळेच्या तारखेचा खुलासा आपण जोडू. एक जूनला जन्मलेली इतकी भारतीय माणसं तिच्याकडे आली आहेत, की पहिली काही वर्षं ती तो आपला राष्ट्रीय सण समजत होती. अट एकच: दोन्ही साक्षीदारांनी तारीख एकच सांगायला हवी. एका मुलाचे दोन जन्म झाले की अर्ज परत येतो.

म्हणून मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, अरुण नोव्हेंबरात जन्मला. रशियानं कुत्री अवकाशात पाठवली, त्या दिवशी. मी विचारलं, की मामा स्पुटनिक म्हणतात. त्यावर त्या जे म्हणाल्या ते इथे लिहीत नाही. सुनेनं लिहू नये असं आहे.

चाळीसगावच्या एका बाळाचा जन्म ठरवायला दोन्ही बाजूंनी रशियाच साक्षीला यावा, आणि अर्ज मात्र अमेरिकेकडे! अरुणचं म्हणणं, यानं अर्ज नाही, चौकशीच सुरू होईल.

पण आता त्याची काळजी नको. काल सरकारनं जाहीर केलं, की चूक झाली, जुलैत कोणाचेच अर्ज घेणार नाही. पंधरा दिवस उघडं ठेवलेलं दार आमच्या नाकावर लावलं. आमच्या रस्त्यावर चार घरं अशी आहेत, जिथे आज चूल पेटली नाही. सगळ्यांनी पिझ्झा मागवला. अंकुर बातमी ऐकून उठला. बाहेर जाऊन त्यानं आमचं गवत कापलं. मग शेजारच्यांचंही कापलं. मग त्याच्या पलीकडच्यांचं. शेवटी अरुण जाऊन त्याला घेऊन आला.

तेव्हा तुमचा ऑक्टोबर तुम्हाला, मावशींचा नोव्हेंबर मावशींना लखलाभ. माझं लिहिणं तिखट झालं असेल तर पोटात घाला. नाहीतरी इथल्या जेवणात तिखट कमीच असतं.

आपली,
शुभा

*

सनीव्हेल
७ जुलै २००७

चि. सौ. शुभास,
आशीर्वाद.

त्याच महिन्यातली एक गोष्ट सांगतो. घाना देश तेव्हा नुकता स्वतंत्र झाला होता. त्यांचा अर्थमंत्री अमेरिकेत प्रवास करताना एका खानावळीत संत्र्याचा रस मागायला गेला. काळा म्हणून त्याला आत बसू दिलं नाही. ते वर्तमानपत्रांत आलं. लगेच अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला घरी न्याहारीला बोलावलं.

या देशाची ही रीतच आहे. आधी रस नाकारतात, मग न्याहारीला बोलावतात. मधल्या काळात तोंड उघडून बसायचं असतं, मिटून नाही. विवेक सांगत होता, की सगळ्या भारतीयांनी मिळून ग्रीन कार्डाच्या कचेरीच्या मुख्याला फुलं पाठवायचं ठरवलं आहे. रागाची निदर्शनं नाहीत, नुसती फुलं. मी गिरिजासुनेला सांगून गुलाब पाठवले. नाव अंकुरचं घातलं. सोबत चिठ्ठी लिहिणार होतो, ऐतिहासिक संदर्भांसह, पण गिरिजा म्हणाली की फुलं पुरे.

लायका हे त्या कुत्रीचं नाव. ती नोव्हेंबरात गेली हे खरं. पण अरुण तिच्याबरोबर आला हे साफ खोटं.

कुशल इच्छिणारा,
जगन्नाथमामा

*

क्युपर्टिनो
९ जुलै २००७

चि. सौ. शुभाला,
लतिकामावशीचे खूप आशीर्वाद.

परवा फोनवर तू मध्येच रडलीस आणि मी भलतंच काहीतरी बोलून ठेवलं. म्हणून हे पत्र. मी आणि माझ्या लेकीनं, रेणूनंही फुलं पाठवली आहेत, शेवंतीची. त्या साहेबाचं टेबल म्हणजे आता मंडईतला गाळा झाला असेल.

जगूदादाच्या शनिवारचं सांगते. सुईण आली होती, खरं आहे. ताईला कळाही येत होत्या. पण त्या खोट्या कळा होत्या. सुईणीनं चहा घेतला, ताईच्या पोटावर हात ठेवून सांगितलं की अजून अवकाश आहे, आणि गेली. दादाला हे ठाऊक नाही, कारण तो गच्चीवर बसून जगाच्या भवितव्याची काळजी करत होता. खाली उतरून बहीण बाळंत झाली की नाही हे बघायला त्याला वेळ नव्हता.

मी सोळा वर्षांची होते. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो दिवस. रविवार. घरात घुगऱ्यांचा वास. माडीवरच्या खोलीत पाळण्याला झेंडूच्या माळा. अरुणचे वडील भुसावळहून आलेले, कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसलेले. रेडिओवर सांगितलं, की रशियानं एक कुत्री वर पाठवली. मी विचारलं, परत कशी येणार? कोणी उत्तर दिलं नाही. तेव्हा मला कळलं आणि मी जी रडायला लागले ती थांबेचना. ताईच्या मांडीवर अरुण रडत होता. ताई हसून हसून बेजार. म्हणाली, एक पोटचं पोर भुकेनं रडतंय आणि एक पाठची बहीण कुत्रीसाठी. मी पदराखाली घेऊ तरी कोणाला?

ती अशीच होती. दादाला असायचं तसं तिला जगाचं काही पडलेलं नसायचं. दसऱ्याला ती आली तेव्हा पायाला सूज होती, तरी आपट्याची पानं वाटायला आळीभर फिरली. कोजागिरीला मला म्हणाली, दुधात चारोळ्या जास्त घाल, मला नको, याला हव्यात. आणि पोटाकडे बोट दाखवलं. केस इतके लांब, की विंचरायला मी तिच्या मागे स्टुलावर उभी राहत असे. अरुणला यातलं कोणी कधी सांगितलं आहे का ग?

माझा नोव्हेंबरच खरा. दादाला सांगितलंस तरी चालेल. ऐकू येणार नाहीच.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी,
लतिकामावशी

*

नोव्हाय
१८ जुलै २००७

ती. स्व. मामा आणि ती. स्व. मावशी, दोघांना,
शुभाचा शि. सा. न. वि. वि.

एकच पत्र दोघांना झेरॉक्स करून पाठवते आहे. कोणाची मूळ प्रत आहे यावरून भांडू नका. मूळ प्रत माझ्याकडेच ठेवली आहे.

दार उघडलं! काल जाहीर झालं. सतरा ऑगस्टपर्यंत अर्ज घेणार आहेत. तुमच्या फुलांनी झालं, वकिलांच्या धमक्यांनी झालं की न्याहारीची आठवण आली, कोण जाणे. फुलं म्हणे जखमी सैनिकांच्या इस्पितळात पाठवली. छान झालं.

आता माझं ऐका. तुमची सगळी पत्रं मी जेवणाच्या टेबलावर मांडली आणि भाजी जळेपर्यंत वाचली. मावशी, रागावू नका, पण ज्या दिवशी बाळ जन्मतं त्या दिवशी कोणी पाळण्याला माळा घालत नाही, घुगऱ्या शिजवत नाही आणि बाप टोपी घेऊन पाहुण्यासारखा बसत नाही. तुमच्या कुत्रीच्या दिवशी अरुण जन्मला नाही. त्या दिवशी त्याचं बारसं होतं. आणि मामा, सुईण चहा पिऊन परत गेली असेल तर तुमचा शनिवारही गेला. म्हणजे अरुण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी जन्मला. मध्ये चार आठवडे आहेत.

त्या चार आठवड्यांतलं तुम्ही मला काय काय सांगितलंत! हिरोशिमा, अणुभट्टी, नोबेल, सीरिया, कोजागिरीच्या चारोळ्या. आधीचं दसऱ्याचं सोनंसुद्धा सांगितलंत. मी जुनं पंचांग काढून पाहिलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन मंगळवारी, बावीस ऑक्टोबरला होतं. मग चाळीसगावच्या त्या घरात दिवाळी आली आणि गेली, आणि तुम्हां दोघांनाही एक करंजी आठवत नाही? एक पणती नाही? मामांना घानाच्या मंत्र्याचा संत्र्याचा रस आठवतो आणि स्वतःच्या घरचा चिवडा आठवत नाही?

दिवाळी कुठे गेली, एवढं फक्त आठवा. दोघांनी मिळून आठवलंत तर लवकर होईल. अंकुरच्या वाढदिवसाला फार दिवस नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या गवतालाही मर्यादा आहे.

तुमच्या दोघांच्या पायांवर डोकं ठेवून,
शुभा

*

सनीव्हेल
२४ जुलै २००७

चि. सौ. शुभास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं माझी झोप उडवली. दोन दिवस बाकावर बसून होतो. इथे संध्याकाळी आम्ही सहासात आजोबा बसतो. प्रत्येकाला एका महायुद्धाचं सगळं पाठ आहे. त्यांना विचारलं, की तुम्हाला एखादी दिवाळी हरवल्याचं आठवतं का. नागपूरचे पुरुषोत्तमराव म्हणाले, हो, चुलते गेले त्या वर्षी सुतक होतं.

आणि मला एकदम दिसलं. मी गच्चीवर उभा आहे. सगळी आळी पणत्यांनी पिवळी झाली आहे आणि आमच्या घरात खालून वरपर्यंत अंधार. देवघर बंद. मी तो नवा चंद्र शोधायला गच्चीवर जात होतो असं मला पन्नास वर्षं वाटत आलं. ते एवढंच नव्हतं. खाली सणाचं काही नव्हतंच, म्हणून मी वर होतो. आमच्याकडे सुतक नव्हतं, शुभा. सुयेर होतं. लेकीचं बाळंतपण माहेरी झालं की आमच्याकडे तीन दिवसांचं सुयेर पाळत. पूजा नाही, दिवे नाहीत, पक्वान्न नाही. अरुण ऐन दिवाळीत आला आणि आमची दिवाळी विझवून बसला.

पण एक गोष्ट बसत नाही. मला एक औक्षणाचं तबक आठवतं. चांदीचं निरांजन. ओवाळून घेत असताना आतल्या दाराच्या चौकटीत ताई उभी, डोक्याला फडकं बांधलेली, हसते आहे. हे त्याच वर्षीचं की नाही, ते सांगणारं माणूस एकच आहे.

बस नंबर विचारून ठेवला आहे. विवेकला सांगितलेलं नाही. तो रजा काढून मला गाडीत घालील आणि मग ते वाटेल शिष्टमंडळ.

जगन्नाथमामा

*

क्युपर्टिनो
४ ऑगस्ट २००७

चि. सौ. शुभाला,
लतिकामावशीचे आशीर्वाद.

प्रतिज्ञापत्रं परवाच कुरियरनं पाठवली, ती पोचली असतील. आता हकीकत वाच.

मागच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी दार वाजलं. उघडलं तर दादा. घामानं निथळतोय. दोन थांबे आधीच उतरला होता आणि उन्हात चालत आला. इथे रस्त्यावर चालणारं माणूस दिसलं की लोक गाडी हळू करून बघतात, तसे त्याला बघत होते म्हणे. नऊ वर्षांनी दारात उभा राहिलेल्या भावानं काय विचारावं? पाणी नाही, तब्येत नाही. उंबऱ्यातूनच विचारलं, की सत्तावन्न साली तू मला ओवाळलं होतंस का. मी हो म्हटलं. त्याला ऐकू आलं नाही. मग मी असं ओरडले, की वरच्या मजल्यावरची चिनी बाई खिडकीत आली.

ओवाळलं होतं, शुभा. भाऊबीज झाली होती. घरात दिवाळीचं दुसरं काही झालं नाही म्हणून मी हट्टानं केली. सुयेर आदल्याच दिवशी फिटलं होतं. ताईला बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर यायचं नव्हतं, तिनं दारातूनच भावाला ओवाळल्यासारखा हात फिरवला. मग मला धागा सापडला. धनत्रयोदशीला, रविवारी संध्याकाळी, यमाचा दिवा मीच दाराबाहेर ठेवला होता. दक्षिणेकडे तोंड करून. म्हणजे तेव्हा सुयेर नव्हतं. मंगळवारी लक्ष्मीपूजन नाही, गुरुवारी भाऊबीज आहे. तीन दिवस मोज तू. सोमवार पहाट, एकवीस ऑक्टोबर. पहाटेचा म्हणून ताईनं नाव अरुण ठेवलं. दादा इंदुभूषण म्हणत होता, नव्या चंद्रावरून. ताई म्हणाली, हा पृथ्वीभोवती नाही, माझ्याभोवती फिरणार आहे.

हे आठवलं आणि मी पदर तोंडाला लावला. दादाला वाटलं मी बोलते आहे आणि त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो कान पुढे करून बसला. मग मी उठून त्याला पाणी दिलं.

सही करायला आम्ही इथल्या एका दुकानात गेलो. तिथेच पत्रपेट्या भाड्यानं देतात, तिथेच खोकी विकतात आणि तिथेच शपथ देतात. कोवळी पोरगी होती. तिनं दादाला उजवा हात वर करायला सांगितला. त्यानं तिला आशीर्वाद दिला. मग ती जे इंग्रजीत म्हणत होती ते मी त्याच्या कानात मराठीत ओरडले: या कागदात लिहिलेलं सगळं खरं आहे, अशी शपथ घेतोस का? दादानं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. मागे सात माणसं खोकी घेऊन उभी. वाचून झाल्यावर म्हणाला, की सगळं खरं आहे, पण ताईबद्दल फक्त नाव लिहिलंय, हे अपुरं आहे. ती पोरगी म्हणाली, सर, अपुरं चालतं, खोटं चालत नाही.

त्याला हे फारच आवडलं. घरी परतताना बसमध्ये तीनदा म्हणाला.

उत्तराची वाट बघते.
तुझीच,
लतिकामावशी

*

नोव्हाय
१४ ऑगस्ट २००७

ती. स्व. मामा आणि मावशी,
दोघांना शि. सा. न. वि. वि.

अर्ज पोचला. शुक्रवारी सकाळी तिथल्या माणसानं सही करून ताब्यात घेतला. वकीलबाई म्हणते, पोचला तो दिवस धरतात. अंकुर आत आहे. आता त्यानं एकवीस काय, एक्केचाळीस पुरी केली तरी हरकत नाही. आणि कार्ड हातात यायच्या आत बहुतेक तो करीलच. पण रांगेत आम्ही तिघं एकत्र आहोत. बातमी कळल्यावर तो पुन्हा यंत्र घेऊन निघाला होता. शेजारच्या बाईनं हात जोडले, की आता गवत उरलेलं नाही, खाली माती आहे.

अरुणचं सांगते. खुलाशाच्या कागदावर त्यानं कारखान्याचं पत्र वाचावं तसं भराभर वाचून सही केली. मग रात्री मावशींची दोन्ही पत्रं मागून घेतली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. आत आला तेव्हा मला म्हणाला, की आईचा एकच फोटो आहे, त्यात ती खुर्चीवर बसलेली आहे. तिचे केस एवढे लांब होते हे त्यात दिसत नाही. मी त्याला दूध गरम करून दिलं. चारोळ्या घरात नव्हत्या, बदाम घातले.

ऑक्टोबरात त्याचा वाढदिवस करायचा आहे, आयुष्यातला पहिला खरा. तो नको म्हणतो. त्याच्या नको म्हणण्याला या घरात फारशी किंमत नाही.

तुमच्या ऋणात राहणं मला आवडतं आहे. तिथून काढू नका.
शुभा

*

सनीव्हेल
२४ ऑगस्ट २००७

चि. सौ. शुभास आणि चि. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

अर्ज पोचल्याचं विवेकनं पाटीवर लिहून दाखवलं. मी गच्चीवर गेलो असतो, पण या इमारतीला गच्ची नाही. तेव्हा बाकावर जाऊन सगळ्यांना पेढे वाटले.

लतिकाकडे आता दर बुधवारी जातो. योग्य थांब्यावर उतरतो. ती पोहे करते आणि मी चुकलो की तत्काळ सांगते. परवा नोव्हेंबर सत्तावन्न घेतला. मी बाहेरचं जग सांगितलं, तिनं घरातलं. ताई सव्वा महिन्याची न्हाली, अरुणला पहिल्यांदा हसू आलं आणि त्या हसण्याचं श्रेय कोणाचं यावर आम्ही पोहे गार होईपर्यंत भांडलो. माझं म्हणणं, तो माझ्याकडे बघून हसला. ती म्हणते, मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो. शक्य आहे. मी खरोखरच त्या वर्षी फार वाचलं.

रेणूच्या मुलानं एक छोटं यंत्र आणून दिलं आहे, त्यात आमचं बोलणं साठतं. पहिली फीत सोबत धाडतो आहे. मध्ये मध्ये भांडी पडल्याचा आवाज येईल, ते मी नाही.

अरुण, तू जन्मल्यानंतर तुझी आई चार वर्षं होती. त्यातला एकच महिना आत्ता झाला आहे. आम्ही दोघं दर बुधवारी बसतो. पुढचा डिसेंबर.

जगन्नाथमामा आणि (त्याचं अक्षर वाचता येणार नाही म्हणून हे पत्र मीच पुन्हा लिहून काढलं) लतिकामावशी